पितळेच्या मानेची पकड

नेमबाजी ही मुळात चित्तशुद्धीची साधना आहे. रायफल आणि काडतूस ही केवळ निमित्ते.

हे वाक्य माझे नाही. आमच्या रायफल क्लबच्या दर्शनी भिंतीवर ते निळ्या ऑइलपेंटने लिहिलेले होते आणि खाली अध्यक्षसाहेबांचे नाव होते. वर्ध्याच्या त्या क्लबात मी सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकात मिळून चौदा वर्षे आर्मरर होतो. हुद्दा इंग्रजी असल्यामुळे भारदस्त वाटतो. कामे अशी : बंदुका पुसणे, त्यांची किरकोळ दुरुस्ती, निशाणाचे कागद खळीने चिकटवणे, पावसाळा संपला की रेंजच्या बांधावरचे गवत कापणे आणि काडतुसे भरणे. गावात मला सगळे मिस्तरी म्हणत. त्या निळ्या वाक्याखालून मी दिवसातून चारदा जात असे. चित्त शुद्ध झाल्यामुळे नेम लागलेला माणूस मला चौदा वर्षांत भेटला नाही. काडतूस नीट भरले नव्हते म्हणून नेम चुकलेले मात्र पुष्कळ भेटले, आणि त्यातले बरेचसे माझ्या हातचे होते.

रेंज नालवाडीच्या पुढे, मातीच्या उंच बांधासमोर. शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा जिल्ह्यातल्या हौशी शिकाऱ्यांची पंचाईत झाली, आणि कालपर्यंत वाघ मारल्याच्या गोष्टी सांगणारे लोक आमच्याकडे कागद मारायला येऊ लागले. कागद मारणे अवघड असते, हे त्यांना इथे कळले. वाघाच्या बाबतीत साक्षीदार कमी असतात. कागदावर भोक कुठे पडले ते कोणालाही दिसते.

विलायती काडतुसे तेव्हा मिळत नसत आणि मिळाली तर परवडत नसत. म्हणून एकदा उडालेल्या काडतुसाची पितळी केस जपून ठेवायची आणि तीच पुन्हा भरायची. याचा रीतसर परवाना क्लबाकडे होता, दारूचा कोटा ठरलेला होता, आणि गोऱ्या साहेबांच्या अमदानीतला एक लिव्हरचा प्रेस होता. तो प्रेस माझ्यापेक्षा वयाने मोठा आणि स्वभावाने सरळ होता.

केस म्हणजे पितळेची एक बाटली. पोटात दारू, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आणि वर निमुळती मान. गोळी त्या मानेत बसते. बाहेरच्या माणसाला वाटते की महत्त्वाची गोळी, फार तर दारू. माझ्या मते महत्त्वाची असते ती मानेची पकड. दारू पेटली की वायू गोळीला मागून रेटतो, आणि मान तिला सोडते. एक मान लवकर सोडते, दुसरी जरा उशिरा. तेवढ्याने दोन गोळ्यांचा वेग बदलतो, आणि तीनशे मीटरवर एक भोक वर पडते, दुसरे खाली. नेमबाज बिचारा आपला श्वास तपासत बसतो.

पकड घट्ट हवी की सैल, असे लोक मला विचारत. दोन्ही चालते, सगळ्यांची सारखी हवी, एवढेच. हे कोणाला पटत नसे. सेलूकडचे एक जुने मालगुजार दर महिन्याला येत आणि भरलेल्या काडतुसाची गोळी दातात धरून ओढून पाहत. हलली नाही की खूश. "मिस्तरी, घट्ट पायजे. एकदम घट्ट," म्हणत. मी घट्ट करून दिली. कागदावर भोके पडली ती ज्वारी फेकल्यासारखी. त्यांनी रायफलीची नळी झिजली असा निष्कर्ष काढला आणि ती विकली. घट्ट म्हणजे चांगले ही समजूत आपल्याकडे लग्नापासून नटबोल्टपर्यंत सगळीकडे आहे. मालगुजारांना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

सारखेपणा आणायचा तो असा. वारंवार वापरून पितळ कडक होते, म्हणून मान दिव्याच्या ज्योतीवर फिरवून नरम करायची. सगळ्या तेवढाच वेळ. मी मनात आकडे मोजत असे. मग डायमधून, म्हणजे पोलादी साच्यातून, काढून मान आवळायची, आणि आतून एक गुळगुळीत खुंटी घालून ती किंचित, पण सगळ्यांची एकसारखी उघडायची. मानेच्या आत जुन्या दारूची काजळी असते. तिच्यावरून कोरडा ब्रश एकदा हलकेच फिरवायचा आणि ती राहू द्यायची. काजळीचा तो पातळ थर असला की गोळी न अडखळता, सगळीकडे सारखी आत जाते. शेवटी लिव्हर दाबून गोळी बसवताना हाताला जे कळते तीच खरी परीक्षा. बांगडी भरताना कासाराला हात न पाहता कळते, तसे ते कळते. पुस्तकात सापडत नाही. मी शोधले होते.

आता महादेवराव. महादेवराव कुबडे, सिंदी रेल्वेजवळच्या एका खेड्यातले शेतकरी. वय पंचेचाळिशीचे, बोलणे कमी, पंजे फावड्याएवढे. त्यांच्या थोरल्या भावाची एक जुनी थर्टी-नॉट-सिक्स रायफल होती. भाऊ गेला, आणि ती परवान्यासह महादेवरावांच्या नावावर झाली. दर रविवारी ते रायफल घेऊन सिंदीहून रेल्वेने येत, वीस गोळ्या झाडत आणि परत जात. क्लबातल्या गप्पांत ते कधी बसले नाहीत. बाकीचे नेमबाज कानात कापूस घालत. महादेवराव घालत नसत. एकदा विचारले, तर म्हणाले, "वर्षभर कापसातच राहतो मिस्तरी. अजून कानात कायले?"

त्या वर्षी कचेरीतून त्यांना विचारणा झाली की कास्तकाराला एवढ्या लांब पल्ल्याच्या रायफलीची गरज काय. रानडुकरांसाठी साधी बंदूक पुरते, हे खरेच होते. एका समजदार अधिकाऱ्याने तोंडी मार्ग सुचवला : राज्याच्या संघनिवडीत जा, नेमबाज म्हणून नाव लागले की परवाना राहील, नाहीतर रायफल जमा करा. निवडीची स्पर्धा त्या साली योगायोगाने आमच्याच रेंजवर होती, दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी. दोनशेपैकी एकशे ऐंशी गुण हवे होते. रविवारी महादेवराव एकशे ब्याऐंशी, एकशे चौऱ्याऐंशी असे काढत. माझ्या काडतुसांवर.

ते एकदाच म्हणाले, "भावाची आहे. जमा झाली त मले काही होत नाई. पण वहिनी रोज पुसते तिले." मी ठीक आहे म्हणालो. अशा वेळी दुसरे काय म्हणतात ते मला अजून माहीत नाही.

त्यांच्यासाठी मी पन्नास केस वेगळ्या काढल्या. एकाच कारखान्याच्या, सारख्या वेळा उडालेल्या. तीन आठवडे लावून माना नरम केल्या, आवळल्या, उघडल्या, काजळी राखली. ट्रेमध्ये उलट्या मांडून कपाटात ठेवल्या आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बहिणीकडे कारंजा घाडग्याला गेलो. चौदा वर्षांत दसऱ्याची घेतलेली ती माझी एकमेव रजा.

खंडेनवमीला क्लबात शस्त्रपूजा होत असे. त्या वर्षी स्पर्धेमुळे पाहुणे येणार होते, म्हणून अध्यक्षसाहेबांनी सांगितले की पूजेत सगळे कसे लखलखीत दिसले पाहिजे. हे त्यांनी चौकीदाराला, गुलाबरावांना सांगितले. गुलाबराव साठीचे, कामसू, आणि मला मनापासून मानणारे गृहस्थ. त्या मानण्यानेच घात केला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी परतलो तर ते फाटकातच उभे.

"भाऊ, तुमच्या टोप्या पाहा आधी." ते केसना टोप्या म्हणत.

"काय झालं त्यांचं?"

"पाहा त खरं."

ट्रेमधल्या पन्नासच्या पन्नास केस सोन्यासारख्या चमकत होत्या. प्रत्येकीला कुंकवाचे बोट.

"चिंच अन् राख," गुलाबराव म्हणाले. "माह्यी बायको देवाचे भांडे घासते तशा. दोन रोज बसलो. लय काळ्या झाल्या होत्या, भाऊ. तुमाले टाइम नाई भेटला असन म्हटलं."

माझ्या मनात अजून थोडी आशा होती. "बाहेरूनच घासल्या ना?"

"बाहेरून काऊन? आतूनबी. काडीले चिंधी गुंडाळली अन् एकेकीचा गळा साफ केला. काळं कुट्ट निंघालं!"

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. साठ वर्षांच्या माणसाने दोन दिवस उकिडवे बसून काडीने पन्नास माना घासल्या होत्या. मी म्हणालो, "छान चमकल्यात." त्यांचा चेहरा उजळला. "आरतीच्या वक्ताले अध्यक्षसाहेबबी तेच म्हणले," ते म्हणाले.

कोरी पितळ गोळीला धरते ती कशी धरेल याचा नेम नसतो. एखादी चिकटते, एखादी सोडून देते. त्यात राखेचे ओरखडे, कुठे खोल, कुठे वरवर. तशा दुसऱ्या केस नव्हत्या. सगळ्या एकदा उडवून काजळी परत आणावी, तर तेवढी दारू कोट्यात शिल्लक नव्हती. मी बाजारातून शाळकरी पेन्सिली आणल्या, शिसे वस्तऱ्याने खरवडून त्याची भुकटी केली आणि कापसाच्या बोळ्याने प्रत्येक मानेत फिरवली. गुलाबराव बाजूला बसून पाहत होते.

"पुन्हा काळ्या करून राह्यले?"

"थोड्याशा."

"आता कायले करता बाप्पा?"

"रीत असते," मी म्हणालो. रीत म्हटले की आपल्याकडे पुढे कोणी विचारत नाही.

शिशाने काम भागले, पण सगळ्यांचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गोळ्या बसवायला घेतल्या. लिव्हर दाबताना काही माना कुरकुरल्या, काही भसकन खाली गेल्या, आणि काही जशा जायला हव्यात तशा गेल्या. मी तीन ढीग केले. संध्याकाळी मधल्या, म्हणजे नीट बसलेल्यांच्या ढिगात एकवीस काडतुसे होती. स्पर्धेत वीस मोजल्या जाणाऱ्या गोळ्या, आणि आधी नळीचा अंदाज घ्यायला एक. एकवीस. इतका नेमका आकडा आयुष्यात सहसा हाती लागत नाही. लागला की घाबरावे, हे मला तेव्हा कळत नव्हते.

स्पर्धेच्या दिवशी मंडप, गालिचा, लाऊडस्पीकर. अध्यक्षसाहेब चित्तशुद्धीवर पस्तीस मिनिटे बोलले. ऑक्टोबरचे ऊन वर चढत होते, आणि नेमबाज सावली शोधत होते. भाषणानंतर असे जाहीर झाले की उद्घाटनाची पहिली गोळी अध्यक्षसाहेब स्वतः झाडतील. कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हते. ते रायफलींच्या टेबलाकडे आले. क्लबची थर्टी-नॉट-सिक्स उचलली आणि टेबलावरच्या, महादेवरावांच्या एकवीसच्या ट्रेमधून एक काडतूस घेतले.

"साहेब, ते नको," मी म्हणालो. "हे घ्या." बाजूला काढलेल्या ढिगांतले एक मी पुढे केले.

"का रे? सगळी सारखीच तर आहेत."

"दिसायला सारखी आहेत, साहेब."

"मग झालं तर." ते पाहुण्यांकडे वळले. "आमचे मिस्त्री फार हळवे आहेत. काडतुसांवरसुद्धा जीव लावतात."

पाहुणे हसले. साहेबांनी रायफल खांद्याला लावली, डोळे मिटले असावेत असा मला संशय आला, आणि बार झाला. फोटो निघाला. टाळ्या वाजल्या. रिकामी केस सचिवांनी रुमालात गुंडाळून घेतली.

माझ्याकडे वीस उरली. महादेवराव अजून मंडपामागे झाडाखाली बसले होते. त्यांना यातले काही माहीत नव्हते.

पाच मिनिटांत ठरवायचे होते. अंदाजाची गोळी चांगलीच हवी, नाहीतर साइटच चुकीची बसेल आणि पुढच्या वीसही वाया जातील. म्हणजे मोजायच्या वीसपैकी एक बाजूला काढलेल्या ढिगांतली. कुरकुरलेल्यांपैकी त्यातल्या त्यात बरी एक मी निवडली. घट्ट मानेची, म्हणजे वेग जास्त आणि बहुधा वर जाणार. ती ट्रेमध्ये सर्वांत शेवटी ठेवली. महादेवरावांना सांगायचे की नाही, हा प्रश्न राहिला. मी असा विचार केला की शेवटची गोळी वाईट आहे हे ठाऊक असलेला माणूस पहिल्या एकोणीसही बिचकत झाडेल. विचार चांगला होता. मी गप्प राहिलो.

ते आडवे झाले आणि त्यांनी झाडायला सुरुवात केली. मी मागे खुर्चीवर, एका हाताशी दुर्बीण आणि दुसऱ्या हातात अडकित्ता. कोणीही झाडत असले की मला सुपारी कातरायची सवय होती. खाण्यापेक्षा कातरणेच जास्त. महादेवराव सावकाश झाडणारे. त्यांच्या दहा झाल्या तोवर बाकीच्यांचे आटोपले होते आणि रेंज शांत झाली होती. नऊ, दहा, नऊ, आठ, नऊ. एकोणीस गोळ्यांना एकशे बहात्तर. विसाव्याला आठ पुरेसे होते. आठच्या खाली त्यांची त्या दिवशी एकही गेली नव्हती.

विसावी झाडली. दुर्बिणीतून पाहिले. बरोबर मध्यरेषेवर, आणि वर. सात.

ते उठले, कोपरावरची माती झटकली.

"वर गेली," म्हणाले.

"हो."

"म्या घोडा झटक्यानं ओढला असन."

"असेल," मी म्हणालो.

चौदा वर्षांत मी क्लबात पुष्कळ खोटे ऐकले, लिहूनही काढले. वार्षिक अहवाल मीच लिहीत असे. पण माझ्या स्वतःच्या तोंडचे म्हणावे तर हे एक. त्यात तीन अक्षरे होती.

दिवाळीच्या आत रायफल जमा झाली. त्यानंतर महादेवराव रविवारी आले नाहीत. त्यांच्या पन्नास केस मी दुसऱ्या कोणासाठी वापरल्या नाहीत. निवृत्तीच्या थोडे आधी, म्हणजे सात-आठ वर्षांनी, एका कामाला सिंदीला गेलो होतो, तिथून पुढे त्यांच्या खेड्यात गेलो. ओसरीवर कापसाचा ढीग होता. त्यांनी मला ओळखले आणि आत चहाचे सांगितले. मी चहा यायच्या आधीच सगळे सांगून टाकले : चिंच, राख, पेन्सिली, अध्यक्षसाहेब, शेवटची गोळी. नंतर धीर झाला नसता.

ते सरकीचा एक दाणा बोटांत फिरवत ऐकत होते.

"मले तवाच समजलं होतं, मिस्तरी."

"कसं काय?"

"एकोणीस गोळ्या मांगं तुमचं कट कट, कट कट. विसाव्याले अडकित्ता बंद. म्या म्हटलं, या गोळीत काही तरी हाय."

"मग थांबायचं होतं. विचारायचं होतं."

"एवढ्या लोकायसमोर? तुमचीच बेइज्जती झाली असती. म्हटलं, मिस्तरीनं देल्ली हाय, चालवून टाकू."

मी म्हणालो, "ती वर जाणार होती, हे मला माहीत होतं."

दाणा फिरवायचा थांबला. "वर जाईन हेबी मालूम होतं?"

"हो. घट्ट होती."

"अरे बाप्पा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हिशेब चुकलेल्या माणसाचे आश्चर्य होते. "मंग तेवढं सांगाचं ना. म्या खाली धरली असती."

चौदा वर्षे मी मानांची पकड सारखी करत आलो. एक मान सारखी झाली नव्हती, आणि तिच्यावरचा इलाज खाली धरणे हा होता. तो सांगायला एक वाक्य लागले असते. मी माणसाचा विचार केला होता, त्याच्या धीराचा, त्याच्या चित्ताचा; म्हणजे भिंतीवरच्या ज्या निळ्या वाक्याला हसत आलो, तेच शेवटी मी पाळले होते. आणि त्यांना हवी होती फक्त माहिती.

"रायफल पाहिली का नंतर?" मी विचारले.

"एक डाव गेलतो ठाण्याच्या मालखान्यात. तिले तेल लावत नाई कोणी. वहिनीले म्या सांगतलं, लावतेत म्हनून." मग आतून कपबशा आल्या. "घ्या, चहा घ्या. सुपारी हाय का खिशात?"

होती. मी अडकित्ता काढला आणि त्यांना कातरून दिली.

क्लबच्या सभागृहात काचेची एक पेटी आहे. सागवानी चौकट, आत लाल मखमल, मखमलीवर एक पितळी केस आणि खाली पाटी : ‘या काडतुसाने मा. अध्यक्षांच्या शुभहस्ते स्पर्धेचे उद्घाटन झाले.’ माझ्या हातून भरलेले ते बहुधा सर्वांत चांगले काडतूस. दर खंडेनवमीला पेटी उघडून तिची पूजा होई, आणि त्याआधी गुलाबराव ती केस चिंचेने घासत, आतूनही. गोळी कुठे लागली, ते पाटीवर लिहिलेले नाही. ती शेजारच्या निशाणाच्या चौकटीच्या उजव्या पायात घुसली होती. तो पाय मी दुसऱ्या दिवशी बदलला. जुना गुलाबरावांच्या चुलीत गेला.